मधमाश्यांचा सात-बारा

प्रोजेक्ट संपून सहा महिने झाले. लिहिलेला कोड आठवत नाही, रोजच्या मीटिंगमध्ये काय बोलायचो तेही आठवत नाही. किस्से मात्र आमच्या फ्रीजरमधल्या पराठ्यांच्या पाकिटांसारखे झालेत. एक काढायला जावं तर मागची चार अंगावर येतात!

साल २००७. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्याच्या राजधानीत आम्ही तिघं मराठी कॉन्ट्रॅक्टवर होतो. तिथे शेतकऱ्याला बियाणं, चारा, ट्रॅक्टरचे पार्ट असल्या गोष्टींवर सेल्स टॅक्स माफ असतो. तोवर दुकानात "मी शेतकरी" म्हटलं की भागायचं. नव्या वर्षापासून मात्र कार्ड दाखवावं लागणार होतं आणि त्या कार्डांची सिस्टिम आम्ही बनवत होतो. टीम लीड शरदकाका मूळचे पुण्याचे, पण घर चार तासांवरच्या अल्फारेटाला. दर शुक्रवारी ड्राइव्ह करून घरी जायचे. टेस्टर वैशाली ठाण्याची. आणि मी, नागपूरची प्रज्ञा.

शेतकऱ्यांसाठी काम करायला मिळतंय म्हणून मी पहिल्याच मीटिंगमध्ये जोरदार भाषण ठोकलं. शोषण, न्याय, समता, सगळं आलं त्यात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान," ते म्हणाले. "आता लॉगिन स्क्रीन कर."

* * *

सुरुवातीला हेल्पलाइनचे फोनही आम्हीच घ्यायचो. एका म्हाताऱ्या आवाजाने पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, तू इंडियात बसलीयेस ना?"

"नाही सर, इथेच आहे. ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर."

"सगळे असंच सांगतात."

मी भडकले. तसा तो म्हणाला, "बरं, मग खिडकीतून खाली बघ. पार्किंगमध्ये काय दिसतंय?"

"लाल पिकअप. ड्रायव्हरच्या सीटवर कुत्रा बसलाय."

"तो माझा. ये खाली. त्याला लिफ्ट आवडत नाही."

असा भेटला अर्ल! मधमाश्या पाळणारा. भरलेला अर्ज हातात घेऊनच आला होता. "कार्ड वेळेवर मिळू दे," तो म्हणाला. "नव्या पेट्या, बरण्या, माश्यांना घालायची साखर, सगळ्यावर टॅक्स भरायचा तर हा उद्योग मला बंदच करावा लागेल."

"मिळणारच!" मी ठणकावून सांगितलं आणि कुत्र्याशी शेकहँडसुद्धा केला.

* * *

पुढच्याच आठवड्यात अर्लचा अर्ज रिजेक्ट! आणि केला कुणी? आमच्याच सिस्टिमने!

कारण फॉर्मवर जमिनीचा नंबर टाकल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नव्हता. अर्लकडे जमीनच नव्हती. तो पेट्या दुसऱ्यांच्या सफरचंदांच्या बागांत ठेवायचा. माश्यांमुळे फळ चांगलं धरतं म्हणून बागवालेही खूश.

मी तडक काकांकडे गेले. "काका, ही अट कायद्यात कुठाय?"

"मी घातली."

"का?"

"का म्हणजे? जमीन नाही तो शेतकरी कसला? सात-बारा नको?"

"काका, ही अमेरिका आहे! आणि इथल्या टॅक्स ऑफिसने हे पास कसं केलं?"

वैशाली मागून म्हणाली, "त्यांना वाटलं, कॉम्प्युटरला लागत असेल."

"आता मधमाश्यांचा सात-बारा कुठून आणू मी?"

काकांनी चष्मा पुसला. "चेंज रिक्वेस्ट टाक. तीन सह्या आण."

* * *

रिजेक्ट झालेल्यांना आम्ही पत्र पाठवायचो, 'कृपया शेतीचा पुरावा जोडावा.' लोकांनी जोडला! कुणी लोकर पाठवली, कुणी मक्याचं कणीस. एका बाईंनी कोंबड्यांचा पुरावा म्हणून अंडी पाठवली, कापसात नीट गुंडाळून. खोका आला काकांच्या टेबलावर, आणि काका पक्के शाकाहारी. त्यांनी दोन बोटांनी खोका उघडला, नाक दाबलं आणि सिस्टिममध्ये नोंद केली.

"कागदपत्रं मिळाली : बारा. वाचण्याजोगी : अकरा."

* * *

वैशालीने टेस्टिंगसाठी खोटे शेतकरी बनवले होते. त्यात स्वतःच्या सांगलीच्या मामाचं नाव टाकलं. पीक ऊस, जनावरं म्हशी. प्रिंटिंगची टेस्ट झाली आणि मामाचं झकास कार्ड बाहेर पडलं! काकांनी त्याला मधोमध भोक पाडलं, म्हणजे ते कुठे चालणार नाही. वैशालीने ते गंमत म्हणून मामाला धाडून दिलं.

मामाने चक्क फ्रेम केलं. भोकासकट! फोनवर म्हणाला, "अमेरिकेने तरी मला शेतकरी मानलं गं. आमचा तलाठी अजून नोंद घालत नाही."

* * *

इकडे मी सह्यांच्या मागे. अर्लचा दर सोमवारी फोन. "पोरी, पेट्यांची ऑर्डर देऊ की पेट्या विकू?" पहिली सही ऑफिसच्या मॅनेजर लिंडाची. तिने न वाचता केली. दुसरी तिच्या साहेबाची. त्याने लिंडाची बघून केली.

तिसरी शरदकाकांची होती.

* * *

काका काही ऐकेनात. "त्याला म्हणावं, शेती नक्की कुठे करतोस ते मला दाखव. मग बघू."

मी अर्लला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ल आला. कुत्रा पिकअपमध्ये. हातात पांढरी लाकडी पेटी, माश्यांची असते तस्सली. त्याने ती काकांच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी अलगद ठेवली. काका खुर्चीसकट मागे सरकले.

"सर," काका घसा खाकरत म्हणाले, "तुम्ही शेती कुठे करता?"

"मला काय माहीत?" अर्ल म्हणाला. "सकाळी त्या उडतात, संध्याकाळी परत येतात. मधे कुणाकुणाच्या बागेत जातात, मी विचारत नाही. तुम्हाला नंबर पाहिजे ना? मी झाकण उघडतो. तुम्ही त्यांच्या मागे जा आणि लिहून आणा."

त्याने झाकणावर हात ठेवला.

काका एव्हाना भिंतीला चिकटले होते. "यार, मला आवाज येतोय!" वैशाली कुजबुजली. आवाज प्रिंटरचा होता, पण सांगतो कोण?

"प्रज्ञा!" काका मराठीतून ओरडले. "काढ ती अट! आत्ता! टेस्टिंग लाइव्हवरच करू!"

मी अट काढली. अर्लचा अर्ज पुन्हा टाकला. स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली आणि मागचा प्रिंटर खरखरला. मी गरम कार्ड अर्लच्या हातात दिलं.

"ते काय म्हणाले?" अर्लने विचारलं.

"म्हणाले, अर्ज मंजूर."

अर्लने कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, वरून दोनदा थोपटलं आणि मग पेटीचं झाकण सरळ उघडलं. काकांनी डोळे मिटले.

आत काठोकाठ सफरचंदं होती.

अर्लने त्यातलं एक उचललं, पँटला पुसलं आणि काकांपुढे धरलं.

"घ्या," तो म्हणाला. "हे चावत नाही."