स्पीकरसमोरची बाई

त्या कार्यक्रमाचं नाव काढलं की माझी बहीण अजून हसते, आणि तिला हसताना पाहून माझं डोकं नव्याने फिरतं. ‘तुले साहेब समजले वो ते,’ असं म्हणते आणि पदर तोंडाला लावते. असेल हसण्यासारखं. पण तिथं मी उभी होते, ती नव्हती.

मी महागाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वय पन्नाशीला टेकलंय. मला रॉक आवडतं म्हटलं की समोरच्याला वाटतं मी माझ्या मुलाबद्दल बोलतेय. मुलाला नाही हो, मला. अमरावतीला वसतिगृहात असताना खोलीतल्या मैत्रिणीकडे टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावर हे खूळ लागलं ते लागलंच. पण ऐकलं मात्र कायम चोरासारखं. वसतिगृहात वॉर्डन झोपलेली, सासरी सासरे झोपलेले, मग बाळ झोपलेलं. आता सगळे जागे असतात, तरी इअरफोनची एकच बोंडी कानात आणि दुसरा कान घरासाठी मोकळा. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, ‘अवं, ऐकलं का’. उभा जन्म अर्ध्या कानाने ऐकण्यात गेला. मोठ्या स्पीकरपुढं उभं राहिलं की ड्रमचा ठोका थेट छातीत लागतो म्हणतात. मला तो एकदा लागायला हवा होता, दोन्ही कान उघडे ठेवून. एवढंच मागणं होतं.

आणि स्टेजच्या पुढ्यात उभं राहण्यात मला कसला आलाय संकोच? माझे वडील जयंतीच्या गाण्याच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. आमच्या वस्तीत चौकात स्टेज पडायचं, पुढं ताडपत्री, आणि ताडपत्रीवर सगळ्यात पुढं बायका नि पोरी. माणसं मागं उभी. कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू कोणासोबत आलीस म्हणून. गाणं आमचं होतं, तशी पुढची जागाही आमचीच होती. वडिलांच्या ढोलकीची शाई मला बसल्या जागेवरून दिसायची.

तर गेल्या हिवाळ्यात यवतमाळला एका भाऊंचा वाढदिवस होता. राजकारणातले भाऊ. चौकाचौकात त्यांचे हात जोडलेले फोटो आणि खाली ‘भव्य रॉक नाईट, प्रवेश मोफत’. बँड नागपूरचा. चार जणांचा, स्वतःची मराठी गाणी लिहिणारा, मी मोबाईलवर त्यांना झिजवून झिजवून ऐकलेलं. नवऱ्याला म्हटलं, चला. तो म्हणाला, ‘मोबाईलवर दिसते न सारं. त्याच्यासाठी यवतमाळले कायले जाऊ?’ यवतमाळात बहीण राहते, तिला फोन केला. ती म्हणाली, ‘माय वो, त्या पोट्ट्यायच्या गर्दीत मी नाई येत बाप्पा. तू झोपाले ये माह्याकडं.’ मग काय, एकटी. शाळा सुटली तशी एसटी धरली. अंगात कुडता, वर जॅकेट, पायात पीटीच्या तासाचे बूट, खांद्याला बॅग. केस माझे बारीकच असतात. हे सगळं सांगतेय, कारण पुढं याच्यावरच सगळं बिघडलं.

मैदानात शिरले आणि पहिली तिडीक तिथंच डोक्यात गेली. स्टेजसमोर सोफे. पांढऱ्या खोळी चढवलेले, दोन रांगा, पुढं काचेचे टीपॉय, टीपॉयवर काजूच्या प्लेटा. रॉकच्या कार्यक्रमाला सोफे! त्यामागं खुर्च्या, खुर्च्यांमागं दोरी, आणि ज्या पोरांसाठी हा कार्यक्रम म्हणायचा ती सगळी पोरं दोरीच्या मागं, पार चहाच्या गाड्यांपाशी. बायकांची जागा उजव्या अंगाला. बांबू ठोकून हिरवी जाळी लावलेली, ‘महिलांसाठी’ अशी पाटी, आणि जाळी नि स्टेज यांच्या नेमका मध्ये भाऊंचा दोन मजली बॅनर. तिथं बसलेल्या बायकांना भाऊ दिसत होते, बँड नाही.

मी तिकडं गेलेच नाही. सोफे आणि स्टेज यांच्या मध्ये एक पट्टा मोकळा होता. त्याच्या टोकाला डाव्या स्पीकरचा माणसाहून उंच मनोरा होता. त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. स्पीकरच्या बगलेला एक होमगार्डची बाई खाकी कपड्यात, हातात काठी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा स्टेजकडं तोंड केलं. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता मात्र लगेच आला.

‘कोनासंग आल्या?’

‘एकटी आली.’

त्यानं माझे बूट पाहिले, बॅग पाहिली, केस पाहिले. ‘बरं,’ म्हणाला आणि मागच्या मागं गेला. मला वाटलं, चला, शहाणा आहे.

मग सत्कार सुरू झाले. दीपप्रज्वलन झालं, वारा होता, वात पेटेना, त्यात काड्यांची पेटी संपली. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. भाऊंचा सत्कार, भाऊंच्या वडिलांचा सत्कार, मंडप देणाऱ्याचा सत्कार, सोफे देणाऱ्याचा सत्कार. सूत्रसंचालक प्रत्येक नावाआधी एक चारोळी टाकायचा, प्रत्येक चारोळीत भाऊ आणि सूर्य यायचे. आणि ज्यांनी वाजवायचं ते चौघं स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, वऱ्हाडात चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारखे. त्यांची ड्रम वाजवणारी एक पोरगी होती, विशीबाविशीतली. तिच्या मांडीवर नारळ, नारळावर शाल, आणि ती शालीखाली बोटांनी ठेका धरून बसलेली. स्पीकर दहाच्या आत बंद, हा कायदा सगळ्यांना ठाऊक. तरी आमच्याकडं कुणी सत्कार कमी करत नाही, गाणी कमी करतात. लग्न राहिलं बाजूला आणि व्याह्यांच्या गळाभेटीच चालू. मी उभ्या उभ्या दात खात होते.

शेवटी एकदाचे ते उठले. पोरीनं शाल खुर्चीवर फेकली, ड्रमपाशी बसली, काड्या उचलल्या.

दोन-चार ठोके लागले. खोटं नाही सांगत, बरगडीच्या आत लागले, घशापर्यंत काहीतरी हललं, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. वाटलं, हे नवऱ्याला ऐकवलंच पाहिजे, मग कळेल मोबाईलवर काय दिसतं नि काय नाही. म्हणून मोबाईल काढला, हात वर करून स्पीकरसमोर धरला.

आणि आवाज पडला. एकदम. गाणारा पोरगा गोंधळून साउंडवाल्याकडं पाहायला लागला. ड्रमवर काड्या आपटताना दिसत होत्या, ऐकू मात्र शेजारच्या घरात कुणी डबे घासतंय असं. मागून पोट्टे ओरडायला लागले, ‘आवाज, आवाज.’ साउंडच्या टेबलापाशी पांढऱ्या शर्टातला एक माणूस माझ्या दिशेनं हात जोडत होता. मी मागं वळून पाहिलं, की बाबा कुणाला जोडतोय. मागं नुसता सोफा. दुसरं गाणं आणखी हळू. तेवढ्यात माझ्यासाठी खुर्ची आली, पाण्याची बाटली आली, काजूची प्लेट आली. ‘बसून घ्या न मॅडम.’ मी कुठली बसते? मी पुन्हा मोबाईल वर केला, काही तरी रेकॉर्ड होतंय का पाहायला, तर आवाज आणखी उतरला.

तिसऱ्या गाण्याला तो पांढरा शर्टच आला. मुख्य आयोजक. कमरेत वाकून म्हणाला, ‘मॅडम, आता बरोबर हाय न? पाहून घ्या तुमच्या मशीनवर.’

‘कोणती मशीन?’

‘हेच न. आवाज मोजाची. सकाळीच सांगतलं होतं आमाले, की पथक येणार हाय म्हून.’

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. हा मला आवाज मोजणारी अधिकारी समजला होता! एकटी बाई, बूट घातलेली, न हसता स्पीकरसमोर उभी आणि हातात मोबाईल. म्हणजे ड्युटीवरच असणार. आवडीनं उभी असेल, असं त्या भरल्या मैदानात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे ऐकायला मी आले होते ते माझ्याच पायगुणानं बंद पडलं होतं, आणि मागची पोरंही माझ्यामुळं बोंबलत होती.

‘दादा, मी कोनी साहेब नाही,’ म्हटलं. ‘मास्तरीण हावो मी. गाणं ऐकाले आली. वाढवा तो आवाज.’

तो गालात हसला. ‘काहून मजाक करता मॅडम गरिबाची.’

‘मजाक नाही. वाढवा म्हणून राह्यली न मी.’

‘तुमी म्हनता तर वाढवतो. पन मंग लेखी द्या.’

घ्या! नाही म्हणावं तितकं त्याला खरं वाटायला लागलं. पथकं अशीच गुपचूप येतात म्हणे, आपली ओळख सांगत नाहीत. मी बॅगेतून शाळेचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्याच्या कमरेतला बाक हळूच गेला. ताठ झाला गडी.

‘मंग ताई, हे आधी सांगाचं न.’ मॅडमची ताई झाले. त्यानं साउंडवाल्याला हात वर करून खूण केली, आणि आवाज असा उसळला की मागची पोरं नाचायलाच लागली. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. मी स्पीकरकडं तोंड केलं.

‘ओ बाई,’ त्यानं मागून ओरडून सांगितलं. ‘बायकायची जागा तिकडं हाय.’

‘इथं काय झालं?’

‘इथं असं एकट्या बाईनं उभं राह्यनं बरोबर दिसत नाही. पाहुने बसले हाय. साहेब असत्या तं वेगळी गोष्ट होती.’

बोलून टाकलं त्यानं. लाज नाही, शरम नाही, अगदी समजावणीच्या सुरात. साहेब असते तर उभी राहू शकत होते, पण मग गाणं मरत होतं. गाणं हवं तर बॅनरच्या आड जाळीत जाऊन बसायचं. वर स्टेजवर पोरगी ड्रम बडवत होती ते चालत होतं, त्याला टाळ्या होत्या, शाल होती. खाली बाई उभी राहिली तर बरोबर दिसत नाही! मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, शिक्षकी पेशा आहे. एवढं म्हटलं की तुह्या भाऊले सोफ्यावरून उठव आणि मग मला जागा दाखव. आणि जागची हलले नाही.

त्यानं होमगार्डच्या बाईला बोलावलं. ‘घेऊन जा यायले तिकडं.’

ती आली, माझं कोपर धरलं. माझ्याच वयाची, हाताला घट्टे पडलेली. मी म्हटलं, ‘सोडा हात. मी जात नसते.’ तिनं हात सोडला नाही. त्या माणसाकडं वळून म्हणाली, ‘साहेब, बाई भल्ली तापून राह्यली. आता नेली तं तमाशा होईन पाहुन्यायसमोर. इथंच धरून ठेवतो तिले, तुमी जा.’

त्याला ते पटलं. आता बाई एकटी नव्हती ना, कुणाच्या तरी ताब्यात होती. सोफ्यांच्या रांगेकडं पाहून त्यानं सगळं ठीक असल्याची मान हलवली आणि गेला.

‘उभ्या राहा,’ ती माझ्या कानाशी म्हणाली. ‘शेवटचंच हाय आता.’

तर ते शेवटचं गाणं मी ऐकलं. दोन्ही कानांनी, छातीनं, पोटानं, दातांनी ऐकलं. ठोका खरंच लागतो, लोक खोटं नाही सांगत. आणि एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, चोर पकडल्यासारखं कोपर धरून ऐकावं लागलं म्हणून मी रडत होते, रागानं. आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण तो मला फुकटचा मिळाला नाही, आणि माझा म्हणूनही मिळाला नाही. मधेच लक्षात आलं की कोपरावरची ती बोटंही ठेका धरतायत. मी तिच्याकडं पाहिलं. ती समोर पाहत होती, काठी बगलेत, चेहरा एकदम कडक, आणि बोटं मात्र अचूक तालात.

गाणं संपलं. सूत्रसंचालक धावत आला आणि आधी भाऊंसाठी टाळ्या मागितल्या. तिनं माझा हात सोडला.

‘तुम्हाला आवडते हे?’ मी विचारलं.

‘मंग. संध्याकाळपासून इथंच तं उभी हावो.’

मी डोळे पुसले आणि म्हटलं, ‘पुढच्या वेळी वर्दी घरी ठेवून या. आपण दोघी उभ्या राहू.’

तिनं काठी बगलेतून काढून हातात घेतली, टोपी नीट केली.

‘मंग मले कोन उभं राहू देईन वो, ताई?’