गैरहजेरीचे कारण

मला लिहायची सवय नाही. जमेल तसे सांगतो.

माझी मेहुणी बाटल्यांच्या कारखान्यात वीस वर्षे काम करते. तिला ऐकू येत नाही, ओठ वाचते. यंत्रावर तळवा टेकवला की कोणते बेअरिंग गेले ते सांगते. शेजारी कुजबुजणाऱ्यांना एकदा म्हणाली, "हळू शिव्या देऊन उपयोग नाही रे, मला त्या मोठ्यानेच दिसतात."

यंत्राच्या मुख्य चालकाची जागा रिकामी झाली. हक्क तिचाच होता. साहेब म्हणाले, "धोक्याचा भोंगा तुला कसा कळणार?" तिने भोंग्याशेजारी एक लाल दिवा मागितला. अशी सोय करून देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. साहेबांनी दिवा नाही लावला, वकील लावला. मग तिने कामगार कार्यालयात तक्रार केली. निकाल लागेपर्यंत जागा भरायची नाही, असे ठरले.

सुनावणीला मी सोबत गेलो. कारकुनाने तिच्या बहिरेपणाच्या दाखल्याची प्रत मागितली, म्हणून मी खाली झेरॉक्सच्या रांगेत उभा राहिलो. वर आलो तर ती बाकावरच, पिशवी मांडीवर, नजर दाराकडे. शिपायाने आतूनच तीनदा नाव पुकारले होते. दाराआडचे ओठ तिला दिसणार कसे? 'अर्जदार गैरहजर' असा शेरा मारून प्रकरण बंद.

"अहो, तिला ऐकू येत नाही, त्याचीच तर तक्रार आहे," मी शिपायाला म्हणालो. तेही चाचरतच.

"मग आधी सांगायचं ना, आजोबा!"

खरेच, सांगायला हवे होते. ते अजून खाते मला.

प्रकरण पुन्हा उघडायच्या अर्जात एक रकाना होता: गैरहजेरीचे कारण.

"ताप लिही," मी म्हणालो. "काम होऊन जाईल."

"भावजी, ताप कुठे होता मला?" तिने लिहिले, 'हजर होते.'

"बाई, हे कारण होत नाही," म्हणत कारकुनाने अर्ज दोनदा परत केला. इकडे साहेबांनी महिनाअखेरीस जागा भरायची नोटीस लावली. काल तिसऱ्या खेपेला तिने पेन माझ्या हातात दिले. मी खाली लिहिले, 'ती बाकावरच होती, मी पाहिले,' आणि सही केली. अक्षर वाकडेच आले.

कारकुनाने अर्ज ठेवून घेतला.

"तारीख कशी कळणार?" तिने विचारले.

"फोन करू," तो कागदात मान घालून म्हणाला.

तिला ते दिसले नाही. ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. सांगायला माझी जीभ रेटेना.