मूळ अखंड निघालं

चंद्रपुरात बिनबा दरवाज्याजवळ, गोंड राजांच्या परकोटावर उगवलेली झाडं काढणारा एक म्हातारा मला रोज कॉलेजला जाताना दिसायचा. बाकीचे मजूर विळ्यानं छाटून मोकळे होत. हा पिंपळाच्या रोपाजवळ बसून फटीत थेंब थेंब पाणी सोडायचा आणि पाणी मुळापाशी कुठवर उतरलं ते ऐकायला भिंतीला कान लावून डोळे मिटायचा.

आमच्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिलाच, म्हणून शहाणपणा केला.

"भाऊ, छाटून टाका ना. काऊन वेळ घालवता?"

"मूळ आत राह्यलं तं भिंत फुटते. तोडलं तं झाड मरते. मले दोनी पाह्यजे. कॉलेजात हे नाई शिकवत काय?"

त्या दिवशी हातभर लांब मूळ अखंड निघालं. संध्याकाळी गोंडपिपरीच्या एसटीत तो माझ्या शेजारीच बसला. ओल्या फडक्यातलं रोप मांडीवर होतं.

"वावराच्या बांधावर लावतो, या रस्त्यालेच लागून," तो म्हणाला. "भोवताल गोटे रचीन. याले किल्ल्याची सवय आहे, मोकळ्यात भेव वाटन."

आता माझ्याकडे इतिहासाची पदवी आहे. त्या वाटेवर गोट्यांच्या वेढ्यात वाढलेला पिंपळ दिसला, की किल्ला इथवर चालत आला असं वाटतं, आणि एसटीच्या खिडकीतूनच मी हात जोडतो.