दोन्ही आळ्यांचा पेंटर

पेंटरचा हात सोन्याचा होता. डोकं मात्र, बायकोच्या मते, त्याने दोरीवर वाळत घातलं होतं. अक्षर काढायचं, वाचायचं नाही, हा त्याचा बाणा. वाचलं की मत बनतं आणि मत बनलं की गिऱ्हाईक तुटतं. म्हणून वरच्या आळीचे दादा आणि खालच्या आळीचे काका, एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन्ही पुढारी, फलक त्याच्याकडूनच रंगवून घ्यायचे.

बायकोची मूत्रपिंडं थकली होती. डायलिसिससाठी तिला बसने दुसऱ्या गावी जावं लागे आणि येताना ती खिडकीला डोकं टेकून मळमळ आवरत बसे. गावच्या ट्रस्टने खालच्या आळीतल्या दवाखान्याला डायलिसिसचं मशीन द्यायचं ठरवलं, तेव्हा देणगीदारांच्या नावांची पाटी पेंटरने फुकट रंगवली.

धर्माच्या गाई आणि दात का गं नाही, असं म्हणतात. इथे ज्यांची मूत्रपिंडं ठणठणीत तेच दात मोजायला धावले.

दादा गरजले, "देणग्या आमच्या आणि मशीन त्यांना?"

ट्रस्टी घाबरले आणि मशीन वरच्या आळीला जाहीर करून मोकळे झाले. लगेच काका रस्त्यावर आडवे. ट्रस्टी रोज शब्द फिरवू लागले आणि आलेलं मशीन खोक्यातच पडून राहिलं. पेंटरला मात्र जेवायला फुरसत नव्हती.

एके दुपारी बायको अंगणात कपडे काढायला आली आणि वाळत ठेवलेल्या फलकापाशी थबकली.

"अहो, हे काय लिहिलंय, वाचलंत का?"

"मी कशाला वाचू? ओळ सरळ आलीय ना?"

"'मशीन परत पाठवा.' ओळ अगदी सरळ आलीय. कोणाचा हो हा?"

पेंटरला सांगता येईना. दोघांनीही तोच मजकूर दिला होता; आपल्याला नाही तर कोणालाच नको, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दारात दादांचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. त्याने फलक उचलून दिला.

मशीन खोक्यासकट परत गेलं. उरलेल्या निधीतून ट्रस्टने वेशीवर कमान बांधली. तिला कोणीच हरकत घेतली नाही, कारण ती कोणाच्याच उपयोगाची नव्हती. तिच्यावरची अक्षरं पेंटरनेच काढली, या खेपेला एकेक वाचून.

पुढच्या फेरीला तो बायकोबरोबर निघाला. बस कमानीखालून जाताना ती मान वर करून म्हणाली, "'सर्वांचे स्वागत'. छान आलंय हो अक्षर."

मग तिने खिडकीला डोकं टेकलं. पेंटरने काही मान वर केली नाही.