लाजरीनं मान काढली

त्यांना सगळे कासवकाका म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये आईबाप पोरांना घेऊन यायचे आणि काका जिवंत जनावरं दाखवून सांगायचे, कुणाचा जीव कशानं वाचतो ते. काडीकिडा काडीसारखा का दिसतो, सरडा रंग का बदलतो. पण खरी गर्दी व्हायची ती लाजरीसाठी. लाजरी म्हणजे त्यांची म्हातारी कासवी. माणसं दिसली की मान आत, पाय आत, संपलं! मग कुणी काही करा, बाई ढिम्म हलायची नाही.

काकांचा नियम कडक होता. तिला ओढायचं नाही, ठोकायचं नाही. "घाबरलीय ती. घाबरल्यावर काय करायचं ते तिला कळतं, एवढंच बघा," म्हणायचे. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी दर वेळी विचारायची, "काका, आज काढेल मान?" घरी मात्र हीच लाजरी मान लांब करून काकूंच्या मागे मागे हिंडायची.

त्या दिवशी काकू दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "अहो, नका नेऊ तिला. पानाला तोंड लावत नाहीये. डोळेही मिटलेलेच."

"लाजरी नाही म्हटल्यावर पोरं काय माझं थोबाड बघणार? तासाभराचा तर प्रश्न. येताना दाखवतो डॉक्टरांना," काका म्हणाले. तिच्या मिटल्या डोळ्यांकडे एकदा बघितलं, तरी तिची पेटी उचललीच. काय म्हणावं आता या माणसाला!

नेहमीसारखं तिला त्यांनी सगळ्यात शेवटी काढलं. सतरंजीवर ठेवलं मात्र, चिमुरडी किंचाळली, "काढली! काका, लाजरीनं मान काढली!" सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. एक बाप तर पोराला खांद्यावर घेऊन नाचला.

काकांनी तिच्या पायाला बोट लावलं. पाय आत गेला नाही. पुन्हा लावलं. मान सतरंजीवर तशीच पडून.

गप्प बसले असते तर पोरं हसत घरी गेली असती. "टाळ्या नका वाजवू रे," काका म्हणाले. "ही मान तिनं काढलेली नाही. आत घ्यायला जीवच उरला नाही तिच्यात."

चिमुरडी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "काका, ती घाबरली होती का?"

"ठाऊक नाही गं बाळा. आजारी होती. ते ठाऊक होतं मला, तरी आणली," काका म्हणाले, आणि एवढ्या माणसांसमोर हुंदके देऊन रडायला लागले.