नानांचा डावा हात

माझे वडील सैन्यात ट्रक चालवायचे. घरात ते नाना. निवृत्तीनंतर ज्या बस डेपोत नव्या चालकांना शिकवायला लागले, तिथे मात्र सगळे त्यांना फौजी म्हणत. त्यांचं शौर्यपदक बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात असे. पाहुण्याची नजर तिकडे जाईपर्यंत नाना त्याला काही उठू देत नसत. खोट्या विनयाशी त्यांचं कधी जमलंच नाही.

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात डोंगरातल्या एका अरुंद रस्त्यावर त्यांच्या ताफ्यावर तोफगोळे पडायला लागले. नानांचा ट्रक सर्वांत पुढे, दारूगोळ्याने भरलेला. एक गोळा जवळच फुटला आणि ट्रकवरच्या ताडपत्रीने पेट घेतला. मागे गाड्यांची रांग, त्यातल्या काही जखमींनी भरलेल्या. मागे सरकायला जागाच नव्हती. शेजारी बसलेल्या जवानाला नानांनी जवळजवळ ढकलूनच खाली उतरवलं आणि पेटता ट्रक घेऊन ते एकटे पुढच्या वळणाआड गेले. तिथे रस्त्याला लागून दरी होती. ट्रकचं तोंड दरीकडे वळवून त्यांनी उडी टाकली. स्फोट खाली दरीत झाला. ताफ्यातल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नानांच्या डाव्या हाताची दोन बोटं तेवढी गेली.

पदक देताना मोठ्या साहेबांनी विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली ना साहेब," नाना म्हणाले. "पण मागच्या गाड्यांमधले सगळे ओळखीचे होते."

इथपर्यंतचं सगळं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यापुढचं मला आई-नानांकडून कळलं, आणि मला खरा अभिमान आहे तो त्याचा.

हात बरा झाल्यावर नानांना भांडारात टेबलाशी बसवलं. पदक मिळालेल्या माणसाला पुन्हा आगीत कोण धाडणार? नानांचा जीव तिथे रमेना. गिअर पडायचा डाव्या हाताला, आणि त्या हाताची पकड सुटायची. सुटीवर घरी आले तेव्हा तोंड पाडून बसलेले. आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी धुण्याची बादली त्यांच्यापुढे आणून ठेवली. आधी चादरी पिळा, ट्रकचं मग बघू, असं तिचं म्हणणं. पहिल्या दिवशी दोरीवरच्या चादरींतून अंगणभर पाणी गळत होतं. शेजारणी हसल्या. नानांनी मान खाली घालून पिळणं चालू ठेवलं. सुटी संपता संपता चादरीला असा पीळ बसायला लागला, की जुनी चादर फाटली म्हणून आईचीच बोलणी खावी लागली.

परत गेल्यावर त्यांनी साहेबांचा पिच्छा पुरवला. शेवटी वैतागून एक अधिकारी स्वतः त्यांच्या शेजारी बसला. भरलेला ट्रक त्याने ऐन चढावर थांबवायला लावला आणि म्हणाला, आता हलवा. ट्रक एक वीतही मागे न जाता वर निघाला. चढ संपल्यावर अधिकाऱ्याने ट्रक बाजूला घ्यायला लावला. मग म्हणाला, "उद्यापासून ताफ्यात या."

युद्ध संपेपर्यंत नाना त्याच रस्त्याने सामान पोचवत राहिले. तो चढ आणि ते 'उद्यापासून या' सांगताना त्यांचा आवाज जसा चढायचा, तसा पदकाची गोष्ट सांगताना कधी चढला नाही.

नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. यंदा सैन्याच्या वाहन प्रशिक्षण केंद्राने तिथल्या सरावाच्या मैदानाला त्यांचं नाव दिलं. आम्ही आईला घेऊन गेलो. फलकावरचा पडदा बाजूला झाला आणि रांगेत उभ्या असलेल्या शिकाऊ जवानांनी कडक सलाम ठोकला. आई रडेल असं मला वाटलं होतं, पण तिने मान ताठ ठेवली. प्रमुखांनी विचारलं, काही हवंय का?

आईने समोरच्या ट्रककडे बोट दाखवलं. इतकी वर्षं ऐकलं, पण एकदाही बसले नाही, म्हणाली.

आम्ही धरून तिला वर चढवलं. एका तरुण प्रशिक्षकाने सावकाश मैदानाला एक फेरी मारली. इंजिन घरघरत होतं, काच थरथरत होती, आणि त्या उंच सीटवर माझी एवढीशी आई डॅशबोर्ड घट्ट धरून, डोळे मोठे करून समोर बघत होती. मैदानाच्या टोकाशी ट्रक वळायला लागला, तसं तिने प्रशिक्षकाला सांगितलं, "जरा जोरात घ्या की."