खुन्याचं नाव बोलायचं नाही

आमच्या घरात देवासमोर चपला घालून गेलं तरी एक वेळ खपलं असतं, पण रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडलं तर माफी नव्हती. हा कायदा आईचा. आई शाळेत गणित शिकवायची. घरी आली की आधी दहा मिनिटं खुनाचं पुस्तक वाचायची आणि मग पदर खोचून कुकर लावायची. त्या दहा मिनिटांत तिच्याशी बोलणाऱ्याचाच खून व्हायची शक्यता जास्त.

पुस्तक वाचनालयाचं, त्यामुळे एकच. वाचणारे तिघं, आई, बाबा आणि मी. जो तो निम्म्यावर आला की संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. तिघांचं वाचून होईपर्यंत खुन्याचं नाव कोणी तोंडातून काढायचं नाही. काढलं, किंवा शेवटचं पान चोरून पाहिलं, तर दंड. दंड म्हणजे सगळ्यांना चहा करायचा आणि आपण स्वतः शेवटचा, तळाचा गाळ उरलेला प्यायचा. बाबांच्या पोटात काही राहायचंच नाही. निम्मा जन्म त्यांनी गाळ पिण्यात घालवला.

डबा उघडल्यावर नाव बरोबर निघालं तरी सुटका नसायची. आई चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "रीत कुठाय?" म्हणजे कशावरून ओळखलंस ते सांग. मी अकरा वर्षांची असताना एकदा नाव अचूक लिहिलं होतं. रीत विचारल्यावर म्हणाले, तो माणूस मला पहिल्यापासून आवडलाच नव्हता. "शून्य," आई म्हणाली. "नुसतं उत्तर काय, शेजारच्याच्या वहीतही असतं." तिची स्वतःची चिठ्ठी चुकली, की मात्र तिचं म्हणणं ठरलेलं असायचं. तिची रीत बरोबर आहे, लेखकाची चुकलीय.

बाबा गेले तेव्हा मी शनिवार पेठेत आईकडेच राहायला आले. डब्यात चिठ्ठ्या दोनच पडायला लागल्या, पण कायदा तोच राहिला. त्या वर्षांत आम्हाला एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या मालिकेचं वेड लागलं. छोट्या गावातले हे गृहस्थ, सायकलवरून फिरतात, सारखे खोकतात आणि खून उकलतात. वर्षाकाठी एखादा भाग यायचा. वीस भाग आम्ही वाचले. लोक विचारतात, तेच तेच काय वाचता? अहो, तेच तर हवं असतं! तीच सायकल, तोच खोकला. ओळखीच्या घरी गेल्यासारखं वाटतं. शिवाय माझ्या ऑफिसात कोणाची चूक झाली ते सहा-सहा महिने कळत नाही. इथे दोनशे पानांत कळतं, आणि चुकणाऱ्याला बेड्याही पडतात.

मग गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आईला झटका आला. जीव वाचला. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तिला सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीयेत. बोलायचे सापडत नव्हते तसे वाचायचेही. पुस्तक हातात घेतलं तर ती ओळीकडे बघत बसायची आणि मग मिटून ठेवायची.

माझ्या आईची जीभ म्हणजे काय होती, ते मंडईत विचारा. शिळी वांगी दिसली की ती भाजीवाल्याला म्हणायची, "ही आज आणलीत की यांचीही पेन्शन सुरू झाली?" आजारपणानंतर पहिल्यांदा तिला तिथे घेऊन गेले, तेव्हा तो म्हणाला, "बाई आज बोलेनात का?" मी सांगितलं. त्याने पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकली. आईने त्या जुडीसाठी वर्षानुवर्षं वाद घातला होता आणि एकदाही जिंकली नव्हती. मला तिथेच रडू फुटलं.

बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. वयाने पंचविशीची, स्वभावाने गोड. ती चित्रांची कार्डं दाखवायची. कपाचं चित्र. "आजी, हे काय आहे? बोला, च… हा." आई तिच्याकडे अशी बघायची, की हिची आजी मी कधी झाले? मग डाव्या हाताने ते कार्ड पालथं घालायची. चहा नाही, पाणी नाही, चमचा नाही. चार महिने ती कार्डं पालथीच पडत राहिली.

"ताई, सुरुवातीचे मंथ्स खूप इम्पॉर्टंट असतात," जाताना ती मुलगी मला जिन्यात म्हणाली. "नंतरही होतं, पण स्लो होतं. आजी ट्रायच करत नाहीयेत."

मी वर आले आणि आईवर ओरडले. "अगं, एकदा चहा म्हण ना! एवढं काय जातंय तुझं?" आई खिडकीकडे तोंड करून बसली. मला माझीच लाज वाटली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की आता हे घर असंच राहणार. आई समोर बसलेली असेल आणि तिचा आवाज मला फक्त आठवावा लागेल.

त्याच आठवड्यात मी वाचनालयात गेले, तर पोस्टमास्तरांचा एकविसावा भाग आलेला. तिथल्या काउंटरवरचे काका म्हणजे अस्सल पुणेरी. मागे पाटी लावलेली, 'पुस्तकात पेन्सिलने खुनी लिहू नये. वाचकांना डोकं असतं.' मी विचारलं, भाग मिळेल का? म्हणाले, "रांग आहे. तुमचा नंबर अकरावा." मी निघाले. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "बाईंसाठी हवंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी ड्रॉवरमधून पुस्तक काढलं आणि काउंटरवर आपटलं. "पंधरा दिवस. आणि वाचून झाल्यावर इथे येऊन चर्चा करू नका, मी अजून वाचलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता मी मोठ्याने वाचायला लागले. गोष्ट अशी होती. लाकडाच्या वखारीचा मालक अंथरुणाला खिळलेला. दवाखान्यातून औषधाच्या पुड्या यायच्या. एक पुडी घेतली आणि म्हातारा गेला, पुडीत विष होतं. पुड्या बांधणारा कंपाउंडर होता. घरात एक लाडका पुतण्या होता, आणि एक फटकळ सून.

तिसऱ्या दिवशी, अजून पन्नास पानंही झाली नव्हती. कंपाउंडर पोस्टमास्तरांपुढे घाम पुसत उभा होता. मी पान उलटत होते आणि आई म्हणाली, "कंप."

मी थांबले. तिचे ओठ हलत होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"कंपाउंडर," आई म्हणाली.

अगं बाई! त्या मुलीने चार महिने 'च' शिकवला आणि ही एकदम पाच अक्षरांवर! शिवाय जिने जन्मभर आम्हाला खुन्याचं नाव उच्चारू दिलं नाही, ती पहिला शब्द बोलली तो स्वतःचाच कायदा मोडून. मी तिला मिठी मारली आणि दंड जागच्या जागी माफ केला.

पुढचे तीन दिवस घरात कंपाउंडरच कंपाउंडर. तोच एक शब्द तिच्या जिभेवर अडकून बसला. पाणी हवं असलं, कंपाउंडर. पंखा लाव, कंपाउंडर. तिने पाणी मागितल्यावर मी पंखा लावला, तर चिडून आणखी जोरात कंपाउंडर. तिसऱ्या दिवशी तिलाच हसू आलं. त्या मुलीने मात्र टाळ्या वाजवल्या. "ताई, अमेझिंग! आता फक्त त्यांचा कॉन्फिडन्स जाऊ देऊ नका हं."

हेच वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण कंपाउंडर खुनी नसेल तर? एवढ्या कष्टाने काढलेला शब्द, आणि तो चुकीचा निघाला तर ती पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसेल. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि जन्मात पहिल्यांदा शेवटचं पान आधी उघडलं.

कंपाउंडर नव्हता. पुतण्या होता.

तिथेच ओट्याशी उभी राहून मी ठरवलं. बदलायचं. आईला वाचता येत नाही, वाचणार मी. लेखकाला कोण विचारतंय?

मधली सगळी पानं मी इमानदारीत वाचली. पोस्टमास्तर पुडीवर गुंडाळलेला दोरा बराच वेळ बघत बसतात, ते वाचलं. पुतण्या वखारीतल्या पोरांबरोबर कॅरम खेळतो आणि डाव्या हाताने राणी घेतो, ते वाचलं. आई डोळे मिटून ऐकायची. मधेच तिचा डावा हात मांडीवर हलायचा. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेय. या पाच महिन्यांत तिने डाव्या हाताने घास घ्यायला, बटण लावायला, नाडी बांधायला शिकून घेतलं होतं. सगळं उलटं पडायचं, गाठ भलतीकडे जायची, पण जमायला लागलं होतं.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी चोराच्या मनात चांदणं. मी भरभर वाचत सुटले. जिथे पुतण्या तिथे कंपाउंडर म्हटलं. पुडीच्या दोऱ्याचा खुलासा कंपाउंडरला लागू पडेना, म्हणून तो परिच्छेदच गाळला. पोस्टमास्तर खोकले, कंपाउंडरला बेड्या पडल्या, सायकल गेली. मी पुस्तक मिटलं.

"शाब्बास, आई! कंपाउंडरच! पन्नास पानांत ओळखलंस!" मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

आई माझ्याकडे बघत होती. शेवटच्या बाकावरच्या, गाइड बघून गणित उतरवणाऱ्या मुलीकडे बघायची, अगदी तसं. तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं काही हवंय.

"री," ती म्हणाली. थांबली. पुन्हा जोर केला. "रीत."

"काय गं?"

"रीत… कुठाय?"

दोन शब्द. एकापुढे एक, तिचेच, त्याच सुरात. आणि मी खुळ्यासारखी हातातल्या पुस्तकाकडे बघत बसले, जसं काही त्यात उत्तर लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतंच. मीच गाळलं होतं.

आईने डावा हात वर केला. हवेतल्या हवेत एका पुडीला दोरा गुंडाळला, उलट्या बाजूने, ती रोज नाडी बांधते तसा. मग त्याच हाताच्या बोटाने स्ट्रायकर मारला.

"डावा," ती म्हणाली.

पुडी सोडून पुन्हा बांधणारा डावखुरा होता, हे पोस्टमास्तरांना शेवटच्या प्रकरणात कळलं, ते हिला कधीच कळलं होतं. डाव्या हाताने बांधलं की दोरा कुठल्या बाजूने येतो, हे आता तिच्याइतकं कोणाला माहीत होतं! कंपाउंडर हा तिचा पहिला अंदाज. तो तिने कधीच सोडून दिला होता, आणि मी शहाणी तोच धरून बसले होते.

"पुतण्या," मी म्हटलं. मला हसूही येत होतं आणि नाकही पुसावं लागत होतं. "पुतण्याच आहे, आई. मी शेवटचं पान पाहिलं. नावं मीच बदलली. तू चुकलीस हे तुला सांगायचं धाडस होईना गं."

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. दया तर मुळीच दाखवली नाही. डाव्या हाताचं बोट स्वयंपाकघराकडे केलं, मान ताठ केली आणि वर्गाला शिक्षा सुनावावी तसं म्हणाली,

"चहा."

टीपॉयवर त्या मुलीची कार्डं पालथी पडलेली होती. मी उठले. आधण ठेवलं, पूड किती टाकली, साखर किती टाकली, काही भान नव्हतं. चहा दोन कपांत ओतला. वरचा स्वच्छ तिला, तळाचा गाळ मला. कायदा तो कायदा. तिच्या डाव्या हातात कप दिला आणि तिच्या समोर बसले. तिने एक घोट घेतला, तोंडात जरा घोळवला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाली,

"पांचट."

माझ्या चहाचं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. मी कप उचलले आणि नवा चहा टाकायला गेले.